घाई नको, इंजिन गार आहे!

मैत्रिणींनो, थंडीतल्या सकाळी चोक ओढून स्कूटर सुरू करणं आपल्याला नवं नाही. मायक्रोलाइट या छोट्या विमानाचं टू-स्ट्रोक इंजिनही तसंच. फक्त त्याला पंखा जोडलेला असतो! मुली आता हौसेने विमान उडवायला शिकतात, तेव्हा आयांनाही हे ठाऊक हवं.

पाण्याने थंड होणारं रोटॅक्स ५८२ हे असंच एक इंजिन. सुरू करण्याआधी चाकांना अडण लावायची, ब्रेक दाबायचा, आजूबाजूची माणसं, मुलं लांब करायची. स्विच बंद आहे म्हणून पंख्याला हात लावू नये. स्विचची तार तुटली असेल, तर बंद करूनही ठिणगी पडते आणि पंखा हाताने फिरवताच इंजिन सुरू होऊ शकतं.

चोक पूर्ण ओढायचा, पण थ्रॉटल बंदच ठेवायचा. तो उघडला की चोक कामच करत नाही.

सुरू झालं की लगेच उडायचं नाही. आतला ॲल्युमिनियमचा पिस्टन पटकन तापून फुगतो, भोवतीचा सिलिंडर मात्र गारच असतो. मग पिस्टन अडकतो, इंजिन जाम! जमिनीवर झालं तर खर्च, उड्डाण घेताना झालं तर जिवाशी गाठ. म्हणून आधी हळू चालवायचं आणि पाण्याचं तापमान ६५ अंशांवर गेल्याशिवाय पूर्ण जोर द्यायचा नाही.

तवा तापल्याशिवाय भाकरी टाकायची नसते, हे कळणाऱ्या मुलीला हेही कळेल. लेकीला खुशाल उडू द्या. फक्त घाई करू नको, एवढं सांगा.