प्रतिकूलतेतून उभारी : व्यक्ती आणि संस्था
(मीरारोड-भाईंदर लोकलमार्गाच्या संदर्भात एक विवेचन)

आघातानंतर काही व्यक्ती व संस्था पुन्हा उभ्या राहतात, काही कोलमडतात. हा भेद कशामुळे पडतो, हा मानसशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या दोन्ही ज्ञानशाखांपुढील प्रश्न आहे. ‘रेझिलिअन्स’ या संज्ञेस मराठीत ‘लवचिकता’ हा प्रतिशब्द वापरला जातो. वाकविलेली वेताची छडी सोडताच पूर्ववत होते, असे चित्र त्यातून उभे राहते. माणसाच्या बाबतीत ते अपुरे आहे, कारण आघात सोसलेला माणूस पूर्वीचाच राहत नाही. ‘उभारी’ हा साधा शब्द येथे अधिक अर्थवाही ठरतो.

एमी वर्नर यांनी हवाईमधील कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके अभ्यास केला. दारिद्र्य व कौटुंबिक कलहात वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांपैकी अनेकांच्या आयुष्यात आजी, शिक्षक वा शेजारी असे जिव्हाळ्याचे एखादे तरी माणूस होते. उभारी हा केवळ मनोबलाचा गुण नसून ती नात्यांतूनही येते, हे यावरून दिसते.

हाटकेश परिसरातील नोकरदारांची दिनचर्या मीरारोड स्थानकाशी बांधलेली आहे. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. त्यांपैकी एक मीरारोड व भाईंदर यांच्या दरम्यान झाला. एकूण सुमारे दोनशे प्रवासी मृत्युमुखी पडले, सातशेहून अधिक जखमी झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी मिळेल त्या चादरींतून जखमींना उचलले. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि प्रवासीही त्यांत चढले. ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून याचा मोठा गौरव झाला.

या गौरवाकडे चिकित्सकपणे पाहणे आवश्यक आहे. दुसऱ्या दिवशी गाडी पकडणाऱ्यापुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता? रजा कापली जाण्याची भीती, घराचे हप्ते, चर्चगेटपर्यंतचे अंतर यांतून आलेली ती अपरिहार्यता होती. तिला धैर्य म्हणावयास हरकत नाही. परंतु त्या धैर्याच्या आड व्यवस्थेची जबाबदारी झाकली जाऊ नये. जखमींचे तर बोलावयासच नको. ज्यांची श्रवणशक्ती वा हातपाय गेले, त्यांचे ‘पूर्ववत होणे’ एका रात्रीत घडणारे नव्हते.

संस्थेच्या बाबतीतही हाच फरक ध्यानात घ्यावा लागतो. सेवा त्वरित सुरू करणे हे कार्यक्षमतेचे लक्षण आहे, तर आघातातून शिकून कार्यपद्धती बदलणे हे उभारीचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकलसेवा ठप्प झाली, त्यास स्फोटांच्या वेळी वर्षही झाले नव्हते. लागोपाठच्या आघातांत शिकण्यास उसंत मिळत नाही, हे खरे. पण संस्थेस बाहेरून शिकविणारेही असतात. लोकल अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी यांनी अपघातग्रस्तांना तातडीचे उपचार मिळावेत यासाठी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला. स्थानकांवरील रुग्णवाहिका व तातडीच्या वैद्यकीय कक्षांच्या प्रश्नास त्यातून चालना मिळाली. येथे एका व्यक्तीची उभारी संस्थेच्या सुधारणेस कारण झाली. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम सहसा उलटा मांडलेला असतो.

दुःखाचा अर्थ लागणे, हा उभारीचा आणखी एक घटक मानला जातो. स्फोट खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले असता, हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदाखला मानू नये, असा आदेश त्याच महिन्यात झाला. अनेक वर्षे तुरुंगात घालवून सुटलेल्यांना आयुष्य नव्याने मांडावयाचे होते. आणि आपले माणूस कोणी मारले, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांपुढे १९ वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता.