चूल धुमसते ती पाण्याने

घरोघरी गॅस आला तरी कोकणात अंघोळीचे पाणी अजून कितीतरी परसांत चुलीवरच तापते. आषाढात चूल धुमसू लागली की दोष तिच्यावर जातो: तोंड अरुंद झाले, वैल चुकला, नवी घाला. बहुतेक वेळा चूल निर्दोष असते. दोष लाकडात मुरलेल्या पाण्याचा आणि कोंडलेल्या हवेचा असतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. अशा किलोभर लाकडातला अर्धा किलो कोरडा भाग जळून सुमारे ९ मेगाज्यूल उष्णता देतो आणि उरलेल्या पाण्याची वाफ करायला त्यातली सव्वा मेगाज्यूल खर्ची पडते. सातवा हिस्सा गेला तर एवढे काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडते ते क्रमामुळे. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा असते ती या वायूंची. पाणी उकळत असते तोवर लाकडाचा ओला भाग शंभर अंशांपाशीच अडकतो. चुलीबाहेरच्या टोकाला फेस येऊन ते चुरचुरते ते यामुळेच. वाफ ज्वाळेलाही थंड करते, मग वायू न जळताच निसटतात. डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे हे फुकट गेलेले जळण. ओले लाकूड सावकाश जळते म्हणून पुरते, हा समज त्यामुळे खोटा. किनाऱ्यावर तर छपराखालचे वाळलेले सरपणही पावसाळी हवेतून ओल शोषते आणि वीस टक्क्यांच्या आसपास जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या बागा आडव्या केल्या, लाकडाला तोटा नव्हता. पण पावसाच्या तोंडावर पडलेले ते झाड त्या आगोटीला जळण म्हणून काय कामाचे?

धुराडे बसवा, हा दुसरा तोडगा. तो चुकीचा नाही, धूर घराबाहेर जातो हे थोडे नव्हे. पण ओल्या लाकडाचे डांबर आणि काजळी धुराड्याच्या आत साचत जाते, वाट अरुंद होते आणि धूर पुन्हा स्वयंपाकघरात उतरतो. १९८३ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातही देखभालीअभावी अनेक चुली निकामी झाल्या. हवेचे गणित त्याहून सोपे. तोंडात चार लाकडे कोंबली, खाली राख साचली की हवा शिरत नाही. फुंकणीने भडका उडतो, फुंकर थांबली की पुन्हा धूर. राख उपसावी, दोनच बारीक लाकडे फट ठेवून लावावीत, निखारे पुढे ओढावेत. आणि सरपण होळीच्या सुमारास फाडून उन्हात टाकावे. मेअखेर, सरी येण्याआधी, ते जमिनीपासून वर रचून झाकावे. एकमेकांवर आपटल्यावर खणखणले तर वाळले, बद्द वाजले तर अजून ऊन द्या.