राज्यक्रांती, परकीय हस्तक्षेप आणि राजनैतिक पेचप्रसंग : महाड (१७९६) ते वसई (१८०२)

प्रास्ताविक :
एखाद्या राज्यात बळाने सत्तापालट होतो, पदच्युत सत्ताधीश परक्या सत्तेच्या आश्रयास जातो आणि त्यानंतर 'खरे सरकार कोणते?' हा प्रश्न शेजारच्या प्रत्येक दरबारासमोर उभा राहतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात या अवस्थेस राजनैतिक पेचप्रसंग असे म्हणतात. तिची उदाहरणे देताना आपले अभ्यासक्रम बहुधा इराण किंवा क्यूबा यांच्याकडे वळतात. तथापि सावित्री नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या महाड तालुक्यात, अशा पेचाचे दोन महत्त्वाचे टप्पे घडले आहेत. त्यांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाडचे स्थान :
महाड हे घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या वाटांचे व सावित्रीच्या खाडीचे संधिस्थान होय. लहान गलबते खाडीतून महाडपर्यंत येत असत. महाडहून पश्चिमेस तुडीलसह खाडीपट्ट्यातील गावे ओलांडली की नदीच्या मुखाशी बाणकोट लागते. बाणकोटचा किल्ला १७५५-५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. पुण्यात पराभूत झालेल्या मुत्सद्द्यास महाड सोयीचे वाटावे, ते या भूगोलामुळे. पाठीशी रायगड आणि पुढे समुद्र. मात्र त्या समुद्राच्या दारावर परक्यांचा पहारा होता, हे विसरता येत नाही.

पहिला टप्पा, १७९६ :
सवाई माधवरावांचे २७ ऑक्टोबर १७९५ रोजी निधन झाले आणि वारसाचा वाद पेटला. या वादात नाना फडणीस पुणे सोडून प्रथम वाईस व नंतर महाडास आले. तेथून त्यांनी जी पत्रापत्री केली, तिने पुण्यातील डाव उलटविला. परंतु त्याची किंमत मोठी होती. खर्ड्याच्या लढाईत (मार्च १७९५) निजामाकडून जे मिळविले होते, ते ऑक्टोबर १७९६ मधील महाडच्या तहाने निजामाचा पाठिंबा मिळविण्यासाठी बव्हंशी सोडून द्यावे लागले. दीड वर्षापूर्वीचा शत्रू आता घरच्या भांडणात पंच झाला. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवेपदी आला. घरातील तंटा मिटविण्यासाठी बाहेरच्या सत्तेस मोबदला देण्याची वहिवाट रघुनाथरावांच्या सुरतेच्या तहापासून (१७७५) होतीच. नानांसारख्या सावध मुत्सद्द्यालाही ती टाळता आली नाही, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

दुसरा टप्पा, १८०२ :
नाना १३ मार्च १८०० रोजी निवर्तले. पुढील वर्षी बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देऊन ठार केले. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. लढाईच्याच दिवशी बाजीरावाने इंग्रज रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज यांच्याकडे सहा पलटणी ठेवून घेण्याचा व त्यांच्या खर्चासाठी २५ लक्षांचा मुलूख देण्याचा करार पाठविला. नंतर तो सिंहगड, रायगड असे करीत महाडास पोहोचला व तेथून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे जहाजे मागितली. सुवर्णदुर्गमार्गे तो डिसेंबरात वसईस उतरला.

या सर्व प्रकरणातील खरा पेच मात्र पुण्यात होता. यशवंतरावांनी स्वतः गादी घेतली नाही. अमृतरावाकडे कारभार व त्याचा पुत्र विनायकराव याच्याकडे पेशवेपद, अशी त्यांची योजना होती. क्लोज पुण्यातच राहावेत, असा दोघांचाही आग्रह होता. वकील दरबारी राहिला तर त्याचा अर्थ मान्यता, निघून गेला तर अमान्यता. हे सर्वांस ठाऊक होते. नोव्हेंबरअखेर क्लोज मुंबईस निघाले आणि नव्या कारभारास इंग्रजांच्या दृष्टीने अस्तित्वच उरले नाही. पुण्यात फौज होती, शिक्का होता, कारभारी होते. वसईत केवळ एक पळालेला पेशवा होता. तरीही तहाच्या मसुद्यावर सही करण्याचा अधिकार लॉर्ड वेलस्लीने त्या पळालेल्या पेशव्याकडेच मानला.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज, तिच्यासाठी २६ लक्षांचा मुलूख, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा आणि इंग्रजांच्या सल्ल्यावाचून इतर सत्तांशी बोलणी न करणे, ही बंधने पेशव्यावर आली. पेशवा हा केवळ पुण्याचा धनी नव्हता. शिंदे, भोसले, होळकर हे सर्व नावापुरते का होईना त्याच्या मसलतीत होते. त्यांना न विचारता त्याने परराष्ट्रव्यवहाराचा अधिकार गहाण टाकला. त्यामुळे एका शहरातील सत्तापालटाचे रूपांतर सर्व मराठी राज्यांच्या संकटात झाले. बाजीरावाच्या भित्रेपणावर सारा दोष टाकण्याची प्रथा आहे. परंतु दौलतराव शिंदे वेळेवर दक्षिणेत आले नाहीत आणि होळकरांपाशी विजयानंतरची राजकीय योजना अपुरी होती, हेही तितकेच खरे आहे.

१३ मे १८०३ रोजी इंग्रज फौजेच्या आधाराने बाजीराव पुण्यात परतला. शिंद्यांच्या छावणीतील रेसिडेंट कॉलिन्स यांनी शिंदे व भोसले यांच्याकडे फौजा मागे घेण्याची मागणी लावून धरली. समाधान न झाल्याने ऑगस्टच्या प्रारंभी ते छावणी सोडून गेले. वकील निघाला, तोच युद्धाचा संकेत ठरला. असईची लढाई २३ सप्टेंबर रोजी झाली.

तौलनिक विचार :
इराणमध्ये १९५३ साली मोसादेक यांचे सरकार उलथविण्यात अमेरिका व ब्रिटन यांचा हात होता. १९७९ च्या क्रांतीनंतर पदच्युत शहास अमेरिकेने उपचारांसाठी प्रवेश दिला, तेव्हा तो वसईसारखाच परतीच्या कटाचा आरंभ असावा, अशी शंका तेहरानमध्ये बळावली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी दूतावास ताब्यात घेतला गेला व ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. पदच्युत सत्ताधीशास दिलेला आश्रय नव्या राजवटीस हस्तक्षेपच वाटतो, कारण पूर्वीचा अनुभव तसाच असतो.

पुण्यातील अनुभवाची परिणती मात्र उलट दिशेने झाली. ज्या पेशव्यास इंग्रजांनी गादीवर परत बसविले, त्याच्याच फौजेने ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरील रेसिडेन्सी जाळली. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्यापूर्वीच तेथून निघून आपल्या फौजेस जाऊन मिळाले होते.