वाळूच्या पट्टीवरचा मुक्काम

सुटी लागली की घरोघरी सहलीच्या गोष्टी सुरू होतात. "समुद्रावर जाऊ या," असे कोणीतरी म्हणते. लगेच दुसरा म्हणतो, "खोली मात्र अगदी पाण्याजवळची हवी!" ही मागणी सर्वांना पटते. पण पाण्याजवळची खोली हीच नेहमी चांगली खोली असते का? एका खऱ्या गावाचे उदाहरण घेऊन आपण याचा विचार करू या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि त्याच्या पुढे देवबाग ही गावे आहेत. नकाशा उघडून पाहा. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आहे आणि दक्षिणेच्या टोकाला नदी व समुद्र यांचा संगम आहे. ज्या भूभागाच्या तीन बाजूंना पाणी असते, त्याला मराठीत द्वीपकल्प म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला 'जझीरानुमा' म्हणता.

येथे भाषेची एक गंमत पाहा. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. देवबागच्या रस्त्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला उर्दूचा दरिया आणि उजव्या हाताला मराठीचा दर्या! मग मुक्काम कोणत्या दर्याकाठी करावा?

प्रथम समुद्राची बाजू पाहू. येथे दिवसभर मोकळा वारा असतो, लाटांचा आवाज असतो आणि संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. पण येथील वाळू स्थिर नसते. पावसाळ्यातील मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि समुद्र शांत झाल्यावर ती हळूहळू परत येते. कधी ती पूर्वीच्या जागी येतही नाही. म्हणूनच किनाऱ्यावर काही ठिकाणी दगडांचे बंधारे घातलेले दिसतात. घर बंधाऱ्यामागे असेल, तर समोर दगड असतात. पाण्यात उतरण्याची वाट मग दूर असू शकते.

भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. एका भरतीनंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते. त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तुम्हाला हिजरी महिन्याच्या तारखा ठाऊक असतात, त्या येथे उपयोगी पडतील. महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदाव्या रात्रीच्या आसपास भरतीला जोर असतो. तिला उधाणाची भरती म्हणतात. सातव्या आणि एकविसाव्या तारखेच्या सुमारास भरती साधारण असते. तिला भांगाची भरती म्हणतात. ओहोटीच्या वेळी रुंद दिसणारा किनारा उधाणाच्या भरतीला अगदी अरुंद होतो.

आता खाडीची बाजू पाहू. येथे पाणी संथ असते. माडांची सावली असते, होड्या बांधलेल्या असतात आणि सकाळी सूर्य नदीपलीकडे उगवतो. लहान मुलांना व वृद्धांना ही बाजू आवडते. पण संथ पाणी उथळच असते, असे समजू नका. ओहोटी लागली की खाडीचे पाणी संगमातून वेगाने समुद्राकडे धावते. चांगल्या पोहणाऱ्यालाही ते ओढून नेऊ शकते. संगम डोळे भरून पाहावा. तेथे पोहण्याचा मोह टाळावा.

तिसरा मार्ग म्हणजे मालवण शहरात राहणे. तेथे बाजार, दवाखाने आणि एस.टी. स्थानक जवळ असते. १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही तेथूनच सुटतात. मात्र तारकर्लीच्या किनाऱ्यासाठी रोज तेथपर्यंत जावे लागते.

मी स्वतः एकदा चूक केली. समुद्र दिसतो एवढे पाहून खोली ठरवली. खोलीपर्यंत जाण्यासाठी मऊ वाळूतून चालावे लागत होते. अब्बांचे गुडघे दुखत असत. वाळूत त्यांचे पाय रुतू लागले. आम्ही मुलांबरोबर लाटांत खेळत होतो आणि ते दिवसभर ओसरीवर एकटे बसून होते. संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, "तुम्ही जा, मी येथे ठीक आहे." त्या शब्दांनी मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीकाठी, रस्त्यालगतच्या एका घरात राहायला गेलो. तेथे अब्बा काठी टेकत स्वतः होड्यांपर्यंत गेले आणि एका मच्छीमाराशी तासभर बोलत बसले. ज्याला चालणे सर्वांत कठीण, त्याच्या पायांनी जागा निवडावी, हे मी त्या दिवशी शिकलो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे विहिरीचे पाणी. अशा पट्टीवर पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. कारण गोडे पाणी हलके असते. एक लीटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम असते. गोड्या पाण्याचा उपसा जास्त झाला, की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर बिघडते. पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात. गावकऱ्यांना मात्र त्याच विहिरीवर वर्षभर राहायचे असते. म्हणून स्नानाला एक बादली पुरत असेल, तर दुसरी भरू नका.

तेव्हा खोली ठरवण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना हे प्रश्न विचारायला सांगा. रस्त्यापासून खोलीपर्यंत वाट कशी आहे? पिण्याचे पाणी कोठून येते? उधाणाच्या वेळी पाणी कोठपर्यंत पोहोचते? मुलांनी कोठे खेळावे आणि कोठे जाऊ नये? यजमान गावचेच असतील, तर ते याची उत्तरे नीट देतील. त्यांचे ऐका. खिडकीतून समुद्र दिसला नाही, तरी चालेल. बाहेर पडल्यावर तो कोठे जाणार आहे?