परिषदेचे शुल्क आणि आपली वर्गणी

जालना जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचा आंबेडकरी जलशांवरील निबंध एका राष्ट्रीय परिषदेने स्वीकारला. पत्र आले, चहापाणी झाले. पंधरा दिवसांनी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मी जात नाही. तब्येत बरी नाही." त्यांची तब्येत ठणठणीत होती. नोंदणी शुल्क, रेल्वेभाडे, दोन रात्रींचा मुक्काम आणि बुडणाऱ्या तासिकांचे पैसे असा हिशेब त्यांनी मांडला होता. खिशात नाही म्हणण्यापेक्षा अंगात नाही म्हणणे त्यांना सोपे गेले.

हा एका माणसाचा संकोच नव्हे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचेच मानधन. सुटीचे नाही, आजारपणाचे नाही. कायम प्राध्यापकाला पगार चालू असतो, परिषदेसाठी कर्तव्यरजाही मिळते. कायम होण्यासाठी मात्र संशोधन दाखवावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी तर परिषदेतील निबंधवाचनाला गुण ठरवून दिले. म्हणजे नोकरीसाठी परिषद, परिषदेसाठी पैसा आणि पैशासाठी नोकरी! ज्याचा बाप ऊसतोडीला गेला किंवा जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात राबला, तो या चक्रात पहिल्याच पायरीवर अडतो. गुणवत्तेच्या यादीत त्याची गैरहजेरी तेवढी दिसते. तिचे कारण दिसत नाही.

परिषदेला जाण्याची किंमत आपल्याला नवीन नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेला माणसे खांद्यावर भाकरी बांधून कोसांची वाट चालत आली. तेथे परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. सार्वजनिक तळे समोर असताना पाणी विकत! आज ज्ञानाचे तळे सर्वांना खुले आहे असे सांगतात. पण काठावर शुल्काची खिडकी आहे.

यावर आम्ही काही सहकाऱ्यांनी वर्गणी सुरू केली. ती कशी चालते ते इतरांच्या उपयोगासाठी सांगतो.

पहिला नियम, कोणीही आपली गरिबी सांगायची नाही. स्वीकृतीचे पत्र आणि शुल्काची सूचना दाखवली की पुरे. 2021 मध्ये ओडिशाच्या सुमित समोस यांना ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला, तेव्हा लोकांनी इंटरनेटवरून वर्गणी करून खर्च उभा केला, हे मोठेच काम झाले. पण अशा जाहीर आवाहनात मागणाऱ्याला आपली कहाणी अनोळखी माणसांपुढे ठेवावी लागते. एवढ्याशा नोंदणी शुल्कासाठी हे करायला आमचा सहकारी धजावत नाही. त्याने ते करावे असे आम्हालाही वाटत नाही.

दुसरा, पैसे देण्याआधी आयोजकांना सवलतीसाठी पत्र लिहायचे. पुष्कळ परिषदांत संशोधक विद्यार्थ्यांना शुल्क कमी असते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. तिसरा, शुल्क मुदतीत भरायचे. उशिरा भरले की ते वाढते. चौथा, पैसे घेऊन नुसती प्रमाणपत्रे वाटणाऱ्या परिषदांना एक रुपयाही द्यायचा नाही. पाचवा, जमाखर्च सर्वांसमोर वाचायचा. मात्र रक्कम कोणाला दिली ते नाव वाचायचे नाही. आमची वर्गणी ओळखीच्या सहकाऱ्यांपुरतीच आहे. जाहीर वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "ही भीकच नाही का?" मला तसे वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायांनी दळणातले मूठभर धान्य बाजूला काढले, त्याला कोणी भीक म्हटले नाही. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. वर्गणीत आज देणारा उद्या घेतो, आज घेणारा उद्या देतो. म्हणून आमच्याकडे परतफेडही ठरलेली आहे. परत आल्यावर निबंध वस्तीत वाचायचा आणि नियमित पगार सुरू झाला की वर्गणीत सामील व्हायचे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. वर्गणीने विद्यापीठांची जबाबदारी संपत नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला शुल्कमाफी, प्रवासखर्च आणि त्या दिवसांचे मानधन मिळालेच पाहिजे. ही मागणी सोडून आपण नुसतीच वर्गणी करीत राहिलो, तर व्यवस्थेचे ओझे आपल्याच गरीब खांद्यावर घेतल्यासारखे होईल.

ते सहकारी पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला गेले. निबंध वाचला, वेळ संपल्यामुळे प्रश्न कोणी विचारला नाही. परत आल्यावर त्यांनी तोच निबंध विहारात वाचला. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तू लिहिलं ते खरं, पण जलशात बायाही गात होत्या. त्यांचं कुठं लिहिलंस?"

सध्या ते निबंध पुन्हा लिहीत आहेत. आजींनी त्याच सभेत वर्गणीला वीस रुपये दिले. ते जमेत धरले आहेत.