सहा मिळाले : पहिला नंबर की नापास?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातून ८ नंबरची ट्राम पकडली, तर ती ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम राइनला सोडते. ३ नंबरची थेट फ्रान्समधल्या सां-लुईला जाते. एका ट्रामच्या तिकिटात देश बदलतो आणि त्याबरोबर प्रगतिपुस्तकही उलटंपालटं होतं!

बाझेलच्या शाळेत गणितात ६ मिळाले की घरी कौतुक, कारण तिथे ६ म्हणजे सर्वोत्तम. वाइलमध्ये तेच ६ म्हणजे सपशेल नापास. तिकडे १ पहिला. सां-लुईत गुण २० पैकी आणि पास व्हायला १० लागतात, म्हणजे ६ घेऊन तिथेही सुटका नाही. त्यातली मौज अशी की ४ मिळवणारा मुलगा स्वित्झर्लंड आणि जर्मनी दोन्हीकडे काठावर पास! फक्त काठ विरुद्ध बाजूंचे.

आकडे सोडा, खरा फरक मुलांच्या वाटा कधी फुटतात यात आहे. वाइल ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर, म्हणजे जेमतेम दहाव्या वर्षी, मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिमनाझियम शाळेत जाणार की दुसऱ्या शाळेत, हे ठरू लागतं. मला हे वय फारच कोवळं वाटतं. फ्रान्सने १९७५ च्या कायद्याने साधारण पंधराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकाच प्रकारच्या शाळेत बसवलं. पुढे बाकालोरेआ ही परीक्षा. १८०८ साली नेपोलियनच्या राजवटीत ती सुरू झाली आणि आज एका पिढीतली सुमारे ८० टक्के मुलं ती पास होतात. व्यवसाय शाखा सोडली तर जून महिन्यात सगळ्यांना तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर. पुढे इंजिनिअर होणाऱ्यालाही तो चुकत नाही. दोन प्रश्न आणि एक उतारा, त्यातलं एकच निवडायचं आणि लिहीत बसायचं.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र विद्यापीठाचं दार उघडणारी माटुरा साधारण पाचातला एकच जण मिळवतो. आपल्याकडे असा निकाल लागला तर मोर्चे निघतील. तिथे निघत नाहीत, कारण बहुतेक मुलं पंधरा-सोळाव्या वर्षी पगारी उमेदवारी धरतात. आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळा, बाकी दिवस बँकेत, सुतारकामावर किंवा औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. जास्तीची परीक्षा दिली तर त्यांनाही पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी असते.

मग या गुणांची तुलना करायची कशी? जर्मन विद्यापीठं त्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करा, सर्वोच्च आणि पासिंग यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. फ्रान्सचे १४ असे २.८ होतात, स्वित्झर्लंडचे ५ होतात २.५.

सूत्रात पासिंगचा आकडाही लागतो, हे लक्षात घ्या. जर्मनीला अर्ज करणाऱ्या मुलांनो, किती गुणांना पास हे तुमच्या मार्कशीटवर छापलेलं नसेल, तर आपल्या इथल्या विद्यापीठाकडून तसं लेखी पत्र वेळेत मागून घ्या.