क्लीव्हलंडचा ‘स्पायडर्स’ संघ : एका नोंदीचा खुलासा

अमेरिकेंतील बेसबॉल या चेंडूफळीच्या खेळाच्या कोष्टकांत इ. स. १८९९ सालाखालीं क्लीव्हलंड शहराच्या ‘स्पायडर्स’ या धंदेवाईक संघापुढें २० जय व १३४ पराजय अशी नोंद आढळते. नॅशनल लीग या मंडळांतील १२ संघांत तो शेवटचा आला. एवढ्यावरून हा संघ मुळांतच नालायक होता, असा समज पसरला आहे. नोंद खरी आहे. परंतु तीवरून काढलेलें अनुमान बरोबर नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

प्रथम पूर्ववृत्त पाहूं. हा संघ १८८७ त अमेरिकन असोसिएशनमध्यें उतरला व १८८९ त नॅशनल लीगमध्यें आला. पुढें ५११ विजयांचा आजवर अबाधित राहिलेला उच्चांक करणारा साय यंग हा चेंडूफेक्या १८९० पासून या संघांत होता. १८९५ सालीं संघानें बाल्टिमोरवर मात करून टेंपल करंडक जिंकला. १८९८ त त्याचे ८१ जय व ६८ पराजय असून क्रम पांचवा होता.

असा संघ एका वर्षांत तळाशीं कसा गेला? मालक फ्रँक रॉबिसन यांस क्लीव्हलंडमध्यें प्रेक्षक पुरेसे मिळत ना. १८९७ त रविवारचा एक सामना तर पोलिसांनीं मध्येंच बंद पाडला. १८९९ च्या आरंभीं कर्जापायीं लिलावांत निघालेला सेंट लुईचा संघ रॉबिसन बंधूंच्या हातीं आला; क्लीव्हलंडचा संघही त्यांनीं सोडला नाहीं. एका मालकानें दोन संघ बाळगण्यास त्या काळीं मज्जाव नव्हता. त्यांनीं यंग, बर्केट, वॉलेस इत्यादि निवडक खेळाडू सेंट लुईस नेले व तिकडील उरलेसुरले क्लीव्हलंडला धाडले.

आतां दोन्ही वर्षांचीं कोष्टकें शेजारीं ठेवावीं. १८९८ त सेंट लुई ३९ जय व १११ पराजयांसह बारावा, क्लीव्हलंड पांचवा. १८९९ त सेंट लुई ८४ जय व ६७ पराजयांसह पांचवा, क्लीव्हलंड बारावा. म्हणजे नांवें जागच्या जागीं राहिलीं, माणसें मात्र बदललीं.

पुढील अनर्थ ओघानेंच आला. क्लीव्हलंडमधील ४२ सामन्यांस मिळून अवघे ६,०८८ प्रेक्षक आले. उत्पन्नाच्या वांट्यांतून प्रवासखर्चही निघेना, म्हणून इतर संघ तेथें येण्यास नाखूष झाले. परिणामीं ११२ सामने परगांवीं खेळावे लागले व त्यांपैकीं १०१ गमावले. १९०० च्या हंगामापूर्वीं लीगनें जे चार संघ वगळले त्यांत हाही होता. १९०१ पासून अमेरिकन लीगमध्यें खेळणारा क्लीव्हलंडचा संघ अगदीं निराळा; त्यास याचा वंशज मानूं नये.

शितावरून भाताची परीक्षा करणारा स्थालीपुलाकन्याय येथें लागू पडत नाहीं. कारण शीत दुसऱ्याच हंडींतलें आहे. जुन्या कोष्टकाचें सुटें पान हातीं आल्यास संग्राहकांनीं आधींच्या वर्षाचें पान मिळविल्यावांचून निर्णय देऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.